कोरड्या मुलखाची वाट

माझा भाचा आणि त्याची बायको गेल्या वर्षी नामिबियाला जाऊन आले. विंडहूकच्या विमानतळावर भाड्याची गाडी घ्यायची, टपावर तंबू बांधायचा, पाण्याचे कॅन आणि दोन स्टेपन्या मागे टाकायच्या आणि बारा दिवस आपले आपण गाडी हाकायची, असा तो प्रवास. परत आल्यावर जेवणानंतर त्याने टीव्हीवर फोटो लावले. तांबड्या वाळूचे डोंगर, चिकणमातीची पांढरी फटक खोलगट जागा आणि तिच्यात उभी असलेली काळी, वाळलेली झाडे. मग वाळूने गुडघ्यापर्यंत भरलेल्या खोल्यांचे एक ओसाड गाव. "मामा, तिकडं दोन-दोनशे किलोमीटर माणूस दिसत नाही. असला मुलूख आपल्याकडं नाही," तो म्हणाला.

मी शिरूर तालुक्यातला. त्याचे आजोळही हेच. त्यामुळे ते वाक्य मला जरा लागले, हे कबूल करतो.

काळ्या झाडांच्या त्या जागेला डेडव्लेई म्हणतात. पूर्वी तिथे नदीचे पाणी पोचत असे. पुढे वाळूच्या टेकड्यांनी तिची वाट अडवली आणि सुमारे सहाशे-सातशे वर्षांपूर्वी झाडे जागच्या जागी मेली. हवा इतकी कोरडी, की ती कुजलीसुद्धा नाहीत. वाळूने भरलेले गाव म्हणजे कोलमान्सकॉप. १९०८ साली रेल्वेमार्गावरची वाळू उपसणाऱ्या झकारियास लेवाला नावाच्या मजुराला तिथे हिरा सापडला. जर्मनांनी गाव वसवले, नाचगाण्याचे दालन उभारले, बर्फाचा कारखाना काढला आणि हिरे संपल्यावर गाव सोडले. १९५६ पर्यंत शेवटचा माणूसही गेला. या गोष्टी भाच्याला गाइडने सांगितल्या होत्या. १९०४ सालची गोष्ट मात्र त्याला ठाऊक नव्हती. त्या वर्षी वॉटरबर्गच्या लढाईनंतर जर्मन फौजांनी हेरेरो लोकांना, बायकापोरांसकट, ओमाहेकेच्या वाळवंटात हाकलले आणि पाणवठ्यांवर पहारे बसवले. हजारो माणसे तहानेने मेली. त्यांना वाळवंटाने मारले असे म्हणता येईल, पण पहारे माणसांनी बसवले होते. ही गोष्ट मी त्याला सांगितली आणि बोलता बोलता म्हणालो, "चल, तीन दिवस गाडी काढ. आपला कोरडा मुलूख तुला दाखवतो."

हा लेख म्हणजे त्या तीन दिवसांची हकिगत. मी पुरातत्त्वाचा पदवीधर नाही. जुने गॅझेटियर, दंगल आयोगाचा अहवाल आणि डेक्कन कॉलेजचे उत्खनन अहवाल हेच माझे गुरुजी. गेली वीस-बावीस वर्षे मी त्यांच्याच शाळेत बसतो आहे. या लेखात मला स्वतःचेच एक जुने विधान मागे घ्यायचे आहे. त्याविषयी योग्य ठिकाणी सांगेन.

शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. घाटमाथ्यावर हजारो मिलिमीटर कोसळणारा पाऊस इकडे येईतो पाचशेच्या आसपास उरतो, आणि तोही वेळेवर येईलच असे नाही. हे वाळवंट नव्हे. भूगोलाच्या पुस्तकात याला निमओसाड म्हणतात. आज कालवे, बंधारे आणि उसामुळे रस्त्याच्या दोन्ही बाजू हिरव्या दिसतात, म्हणून भाच्याच्या पिढीला हा मुलूख कोरडा वाटतच नाही. कालव्याची हद्द सोडून दोन किलोमीटर वर चढले, की मुरूम, कुसळी गवत, हिवर आणि बाभळी सुरू होतात. खरा मुलूख तो.

निघण्याआधी बहिणीने डब्यात बाजरीच्या भाकऱ्या दिल्या. तेवढ्यावरून गाडी शिक्रापूर ओलांडेपर्यंत माझे व्याख्यान चालले, कारण बाजरी मुळात आफ्रिकेची. सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेला, आजच्या मालीच्या भागात, साडेचार हजार वर्षांपूर्वी ती माणसाच्या शेतात आली. ज्वारी सुदानकडची. नाचणी पूर्व आफ्रिकेतल्या डोंगराळ प्रदेशातली, चवळीही आफ्रिकेचीच. उन्हाळ्यात भीमा आणि घोडेच्या वाळूत ज्याचे वेल लावत, त्या कलिंगडाचे मूळही ईशान्य आफ्रिकेत सांगतात, आणि चिंच तर आपण 'भारतीय खजूर' म्हणून जगाला दिली असली तरी तीही तिकडचीच. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात ही धान्ये भारतात आली. ती कोणी आणली, कोणत्या गलबतातून आणली, त्याची नोंद कुठेही नाही. ज्या पिकावर आमच्या आठ पिढ्या जगल्या, ते पीक वाळवंटाच्या काठावरच्या अनामिक शेतकऱ्यांनी घडवले आहे. "म्हणजे मी माझ्याच धान्याच्या माहेरी जाऊन आलो," भाचा म्हणाला. नामिबिया त्या माहेरापासून फार दक्षिणेला आहे, हे मी त्याला सांगितले नाही.

पहिला मुक्काम पाबळ. मस्तानीची कबर इथे आहे. बाजीरावांनी पाबळ, केंदूर आणि लोणी ही गावे तिला इनाम दिली होती. बाजीराव गेले त्याच साली, १७४० मध्ये, तीही गेली. चित्रपट आल्यापासून इथे गर्दी वाढली आहे. कबरीबद्दल मला नवे काही सांगायचे नाही. पाबळची मला जास्त जवळची गोष्ट म्हणजे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली सुरू केलेला विज्ञान आश्रम. शास्त्रज्ञाची मुंबईतली नोकरी सोडून या माणसाने मुद्दाम पाण्याची ओरड असलेले गाव निवडले आणि शाळेत नापास झालेल्या पोरांना वेल्डिंग, भूजलाचा शोध, बांधकाम असे हाताने शिकवले. पाबळहून धामारी जवळच. फेब्रुवारी १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांनी पहिला दरोडा टाकला तो या धामारीवर. लष्करी हिशेब खात्यातला हा कारकून रामोश्यांना हाताशी धरून सावकाराच्या घरावर का चालून गेला, याचे उत्तर त्याआधीच्या तीन वर्षांत आहे. तिकडे मी येणारच आहे.

कान्हूर मेसाई, मलठण करत टाकळी हाजीला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे पाहिले. पलीकडच्या तीरावर निघोज, म्हणजे पारनेर तालुका. बसाल्टच्या कातळात भोवऱ्यात सापडलेल्या गोट्यांनी हजारो वर्षे घासून घासून केलेली ही कुंडे आहेत. मे महिन्यात पात्र कोरडे असताना त्यांच्या तळाशी तेवढे पाणी उरते. इथे भाचा पहिल्यांदा मोबाइल खिशात घालून नुसता बसला.

शिरूरला आम्ही आजही घोडनदी म्हणतो. इंग्रजांची छावणी इथे होती. कॅप्टन स्टाँटनची पलटण ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री इथूनच पुण्याकडे निघाली आणि सकाळी कोरेगावला पेशव्यांच्या फौजेसमोर उभी राहिली. पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे. गावात कर्नल विल्यम वॉलेसची कबर आहे. तो १८०९ साली वारला. गॅझेटियरमध्ये नोंद आहे, की आसपासचे लोक त्याला 'सतपुरुष' म्हणत, सुगीला पहिल्या धान्याचा नैवेद्य त्याच्या कबरीवर ठेवत, आणि अमावास्येला तिथे ऊद जाळत. मेलेल्या साहेबाला देव करण्यात भक्ती किती आणि पावसाची भीती किती, हे मी ठरवू शकलेलो नाही. नव्या धान्याचा पहिला घास ज्याच्यापुढे ठेवायचा, त्याच्या हातात पुढच्या वर्षीचे पीक असते अशी समजूत असल्याशिवाय हे घडत नाही, एवढे मात्र मला वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हावऱ्यावरून मांडवगण फराट्याच्या बाजूने इनामगावला गेलो. घोडेच्या उजव्या तीरावरचे हे लहान गाव. पाटीशिवाय ओळखू न येणारी पांढरीची टेकाडे, भोवती ऊस. भाच्याचा चेहरा पडला. कोलमान्सकॉपला निदान भिंती उभ्या होत्या.

भिंती इथेही होत्या. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांनी बारा हंगाम इथे खोदकाम केले. दख्खनच्या ताम्रपाषाणयुगाचे इतके सविस्तर उत्खनन दुसरीकडे क्वचितच झाले असेल. इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमारास इथे शेतकरी आले आणि ७०० च्या सुमारास गेले. नऊशे वर्षे. एवढा काळ एका जागी टिकलेली आजची किती गावे आपण दाखवू शकू? सव्वाशेहून जास्त घरांचे अवशेष मिळाले. मधल्या काळात, ज्याला 'आद्य जोर्वे' म्हणतात त्या चार शतकांत, गाव भरभराटीला आले होते. चौकोनी, ऐसपैस घरे ओळीत होती. कुंभार, सोनार अशा कारागिरांची वस्ती गावाच्या एका अंगाला होती. मध्यभागी पाच खोल्यांचे एक घर आणि त्याच्या शेजारी धान्याचे कोठार. हे घर गावच्या मुख्याचे असावे, असा उत्खननकारांचा तर्क आहे. गावकऱ्यांनी नदीच्या पुराचे पाणी वळवण्यासाठी दगडमातीचा बांध घातला होता आणि चर खणला होता. तीन हजार वर्षांपूर्वी, लोखंडाची पहार नसताना! त्या पाण्यावर ते जव आणि गहू घेत.

चराची जागा मी भाच्याला दाखवली. आता तिथे पाहण्यासारखे काही नाही. पण रस्त्यापलीकडे उसाला पाणी सोडलेले होते, आणि तो स्वतःच म्हणाला, "म्हणजे हे तेव्हापासून चालू आहे."

मग त्याला दफनांविषयी सांगितले. लहान मूल दगावले की दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवत आणि मुलाला त्यांत घालून घराच्याच जमिनीखाली पुरत. मोठ्या माणसाला उताणे निजवत, पण त्याआधी घोट्याखालचे पाय तोडत. का? मेलेल्याने घर सोडून जाऊ नये म्हणून, असे ढवळीकर म्हणतात. एक माणूस मात्र चार पायांच्या कच्च्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला सापडला. त्याचे पाय शाबूत होते. पायांचा हा फरक मला नेहमी छळतो. जाण्याची मुभा कोणाला होती आणि कोणाला नव्हती, हा प्रश्न इतका जुना आहे.

इ. स. पू. १००० नंतर चित्र पालटते. ऐसपैस चौकोनी घरांऐवजी लहान गोल झोपड्या दिसू लागतात. भांडी ओबडधोबड होतात. गहू आणि जव कमी होतात, शेळ्यामेंढ्या आणि हरणांची हाडे वाढतात. शेतकरी अर्धवट भटके झाले. गोल झोपड्यांचा अर्थ लावताना ढवळीकरांना इनामगावच्या परिसरात पाल ठोकणाऱ्या फासेपारध्यांच्या झोपड्यांची मदत झाली. पुस्तकात न मिळणारे उत्तर शेजारी पाहून मिळवण्याची त्यांची ही रीत मला फार आवडते. असे का झाले, याचे त्यांचे उत्तर होते हवामान. पाऊस कमी झाला, कोरडेपणा वाढला आणि शेती परवडेना. त्यासाठी त्यांनी थेट नाईलच्या पुराचा आधार घेतला. निळी नाईल इथिओपियाच्या पावसाळ्यावर भरते, आणि तो पावसाळा आपल्या मान्सूनचा चुलतभाऊ आहे. नाईलला पूर कमी, तर दख्खनेत पाऊस कमी, अशी सांगड बऱ्याच वर्षी लागते. ज्वारीचे जसे, तसे पावसाचेही एक टोक आफ्रिकेत आहे.

मी हे सगळे पंधरा वर्षांपूर्वी एका छोट्या नियतकालिकात लिहिले होते. लेखाचा शेवट असा होता, की इनामगावकरांना दुष्काळाने हुसकावले, निसर्गापुढे माणसाचे काही चालले नाही. लेख चांगला झाल्याचे चार लोक म्हणाले आणि मीही ते मानले.

नंतर ग्वेन रॉबिन्स शग या अमेरिकन अभ्यासकबाईंचे २०११ सालचे पुस्तक हाती आले. इंग्रजी कोशाच्या मदतीने ते वाचायला मला पूर्ण पावसाळा लागला. इनामगावच्या मडक्यांत पुरलेल्या मुलांची हाडे त्यांनी मोजली. उत्तरार्धातल्या मुलांची वाढ खुंटलेली होती, त्यांची शरीरे पोसली जात नव्हती. इथवर ढवळीकरांशी फारसा वाद नाही. वाद कारणाचा आहे. त्यांचे म्हणणे असे, की इ. स. पू. १००० च्या सुमारास हवामान अचानक कोरडे झाले याला भक्कम पुरावा नाही. हा मुलूख आधीपासूनच निमओसाड होता आणि मान्सून आधीपासूनच लहरी होता. शेती वाढवत नेण्याच्या ज्या मार्गाने गावाची भरभराट झाली, त्याच मार्गाने भोवतीची जमीन आणि झाडोरा झिजला. म्हणजे चर आणि कोठार ही संकटावरची तोडच होती, असे नाही. ती संकटाच्या कारणांतही मोडत असतील.

हा वाद मिटला आहे असे मी म्हणणार नाही. ढवळीकरांविषयी माझा आदर तसूभरही कमी झालेला नाही. त्यांनी काटेकोर नोंदी ठेवल्या नसत्या, तर दुसऱ्या कोणाला त्या हाडांवरून वेगळे काही म्हणताच आले नसते. पण 'दुष्काळाने हुसकावले' हे माझे विधान मी इथे मागे घेतो. ते मी सोपे म्हणून लिहिले होते. दुष्काळाला दोष दिला की कोणाचेच नाव घ्यावे लागत नाही.

तिथून मागे वळून करड्याला गेलो. वाट वाकडी होती, पण हे गाव वगळून हा प्रवास झालाच नसता. डिसेंबर १८७४ मध्ये या गावात काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुखांवर दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि त्यांच्या घरावर जप्ती आणली. गावाने काय केले? सावकाराला वाळीत टाकले. त्याचे शेत कोणी कसेना, त्याच्या दुकानात कोणी पाऊल टाकेना, न्हावी-परीट-पाणक्या सगळे बंद. हा बहिष्कार आसपासच्या गावांत पसरला. आणि १२ मे १८७५ रोजी, बुधवारी, सुप्याच्या बाजारात लोक सावकारांच्या दुकानांवर तुटून पडले. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. आज ते बारामतीत आहे आणि भीमथडीचा बराचसा भाग दौंड झाला आहे. त्या नावाची खूण आता फक्त तट्टांच्या जातीत उरली आहे.

दंगल असा शब्द रूढ झाला असला, तरी अहवाल वाचताना एक गोष्ट ठळक दिसते. लोकांना हवे होते ते कागद. खते, गहाणपत्रे, हुकूमनामे मागायचे, दिले तर जाळायचे, नाही दिले तर घर फोडून शोधायचे. माणसांना मारहाण त्या मानाने फार थोडी झाली. पुणे आणि नगर जिल्ह्यांत मिळून सुमारे साडेनऊशे लोकांना अटक झाली.

१८७५ साल दुष्काळाचे नव्हते, हे लक्षात घ्यावे. पाऊस यथातथाच पण पडत होता. कोरड पडली होती ती पैशाची. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना. मग दख्खनच्या शेतकऱ्याच्या दारात सावकार एकरी शंभर-शंभर रुपये आगाऊ घेऊन उभे राहिले. युद्ध संपले, कापसाचा भाव पडला आणि उसनवारी आटली. नेमक्या त्याच सुमाराला तीस वर्षांच्या जुन्या जमीनपाहणीची मुदत संपून सरकारने साऱ्याची फेरआकारणी केली. काही गावांत सारा दीडपट-दुपटीवर गेला. अमेरिकेतल्या तहाची झळ करड्यातल्या देशमुखाच्या उंबऱ्याला लागली. भाच्याने गाडी थांबवून विचारले, "आणि त्या शेतकऱ्याला हे माहीत होतं का?" माहीत असण्याचे कारण नव्हते. त्याला काळूराम दिसत होता.

खरा दुष्काळ पुढच्याच वर्षी आला. १८७६ चा पाऊस गेला आणि १८७७ चाही लांबला. त्या वर्षी नाईलचा पूर फार कमी आला, उत्तर चीन आणि ब्राझीलही होरपळले. पॅसिफिक महासागराचे पाणी तापल्याने हे घडते, हे आता आपल्याला कळते. मुंबई इलाख्यात लोकांना दुष्काळी कामांवर घेतले गेले. व्हाइसरॉय लिटनचा दूत म्हणून आलेल्या सर रिचर्ड टेंपलने मजुरी ठरवली. दिवसभर खडी फोडणाऱ्या गड्याला एक पौंड धान्य आणि वर एक आणा. मद्रासेकडचे डॉ. कॉर्निश यांनी एवढ्यावर माणूस जगणार नाही असे लेखी कळवले. पण आमच्या भागातल्या लोकांनी डॉक्टरची वाट पाहिली नाही. जानेवारी १८७७ मध्ये हजारोंनी कामे सोडली आणि घरी उपाशी बसणे पसंत केले. पुणे सार्वजनिक सभेने या सगळ्याचे गावोगावचे वृत्तान्त सरकारकडे पाठवले. त्याच महिन्याच्या एक तारखेला दिल्लीत राणीला सम्राज्ञी म्हणून जाहीर करणारा दरबार भरला होता. सभेचे गणेश वासुदेव जोशी खादीचा पोशाख करून तिथे गेले होते. धामारीवर चालून जाणारा फडके या दोन वर्षांत गावोगाव पायी हिंडून हेच पाहत होता.

तिसऱ्या दिवशी न्हावऱ्याहून भीमा ओलांडून चौफुल्याला आलो. चौफुला लावणीच्या कलाकेंद्रांसाठी प्रसिद्ध आहे. सकाळी नऊ वाजता तिथे फक्त चहा मिळाला. जवळच केडगाव. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन इथे आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात उपाशी फिरणाऱ्या मुलींना त्यांनी आणले ते या माळावर, आणि १९०० च्या दुष्काळानंतर इथल्या बायकामुलींची संख्या दीड हजाराच्या वर गेली. दुष्काळी मुलखातल्या पोरींना दुसऱ्या दुष्काळी मुलखात आणून वसवायचे, यातला धोका बाईंना कळत होता. म्हणून आधी विहिरी, मग शेती, मग छापखाना. बायबलचे त्यांनी केलेले मराठी भाषांतर इथल्याच मुलींनी जुळवले आणि छापले. त्यांच्या धर्मांतराबद्दल आपल्याकडे शाई पुष्कळ सांडली. विहिरींबद्दल मला फारसे कोणी लिहिलेले आढळले नाही.

वरवंड, पाटस करत दौंडला पोचलो. पुण्याहून इकडे येणारी आगगाडी १८५८ ची. दौंडला जंक्शन केले ते १८७८ साली सुरू झालेल्या दौंड-मनमाड मार्गाने. या मार्गाचे मातीकाम मुख्यतः दुष्काळी मजुरांनी केले. स्टेशनच्या पुलावरून नगरकडे जाणारा तो भराव भाच्याला दाखवला. एक पौंड आणि एक आणा. वरून मालगाडी चालली होती आणि त्याने तिचे डबे मोजले. बावन्न भरले.

दुपारी पलीकडच्या तीरावरचा पेडगावचा बहादूरगड पाहिला. मोगल सुभेदार बहादूरखान कोकलताशचा हा तळ. १६८९ साली पकडलेल्या संभाजी महाराजांना औरंगजेबासमोर उभे केले ते इथे. तटाच्या आत यादवकालीन देवळे आहेत आणि भीमेच्या कडेला हत्तीमोटेचे बांधकाम. नदीचे पाणी हत्तीकडून ओढून किल्ल्यात चढवीत. नदी हाकेच्या अंतरावर, आणि पाणी मिळायला हत्ती लागतो! इतके पडके गाव आणि एवढी शांतता पाहून भाच्याने अखेर कबूल केले, की कोलमान्सकॉपला तिकीट होते, इथे तेही नाही.

संध्याकाळी घरी आलो. आई ओसरीवर बसली होती. ती आता ऐंशीच्या पुढे आहे. १९७२ च्या दुष्काळात मी पाळण्यात होतो आणि ती खडी फोडायला जात असे. पुढच्या वर्षी मे महिन्यात राज्यभर जवळपास पन्नास लाख माणसे अशा कामांवर होती. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा आला. आईकडून मी त्या वर्षाची हकिगत अनेकदा ऐकली आहे, पण ती सुकडीची, पाटीवर झोपवलेल्या माझी आणि मुकादमाची. भाच्याने तिला वेगळेच विचारले. "आजी, तुम्ही नेमकं कुठलं काम केलं?"

"रस्त्याचं," ती म्हणाली. "न्हावऱ्याच्या अंगाचं. ओढ्यापासनं वडापर्यंत आमची टोळी होती. वड हाय का अजून?"

वड होता. सकाळी त्याच्याच सावलीत गाडी उभी करून आम्ही डब्यातली भाकरी खाल्ली होती.